मदत हवी आहे: तीन अलर्ट एकदम आले, तर आधी कशाला हात घालायचा?

नमस्कार. आमची संगणक-सुरक्षेची टीम तिघांची. गेल्या आठवड्यात पहाटे तीन अलर्ट पाठोपाठ आले. वेबसाइटच्या अ‍ॅडमिन लॉगिनवर पासवर्डचा भडिमार. हिशेब विभागाच्या मेलबॉक्समध्ये नवा नियम: विषयात 'इनव्हॉइस' असलेली प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड. आणि फाइल सर्व्हरवर फायलींची नावं भराभर बदलताहेत.

आम्ही आले तसे हातात घेतले. वेबसाइटवर चाळीस मिनिटं गेली, आणि तिथे एकही लॉगिन यशस्वी झालेलं नव्हतं! तोवर सर्व्हरवरचे दोन फोल्डर एन्क्रिप्ट झाले, म्हणजे हल्लेखोराने कुलूपबंद केले. घाबरून मी सर्व्हरच बंद केला, आणि रॅममधला (बंद करताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीतला) सगळा पुरावा गेला. मेलबॉक्सचा नियम दुपारी काढला, पासवर्ड बदलला. पण चोराचं सेशन (आधीच उघडलेलं लॉगिन) चालूच होतं, संध्याकाळी नियम पुन्हा हजर. हे मला अजून खातंय.

अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेच्या, सायबर घटना हाताळण्यावरच्या ८००-६१ या मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीत 'आले त्या क्रमाने हाताळू नका' असंच म्हटलंय. कामकाजावर परिणाम, माहितीवर परिणाम आणि सावरता येण्याची शक्यता, हे तीन निकष. पटतात. पण पहाटे, अर्धवट माहितीवर ते लावायचे कसे?

प्रतिसाद:
निकष नंतर लावा. आधी दोनच गोष्टी बघा: हल्लेखोर आत शिरलाय का, आणि नुकसान वाढतंय का. त्या हिशेबाने सर्व्हर पहिला. पण बंद करू नका, नेटवर्कपासून तोडा. सर्व्हर व्हर्च्युअल (दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालणारा) असेल तर मेमरीसकट स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या. त्याच वेळी दुसऱ्याने मेलबॉक्स धरायचा: पासवर्ड बदला, लगेच सगळी सेशन रद्द करा, मग नियम काढा. खात्याला जोडलेली अनोळखी अ‍ॅप्सही तपासा. हिशेब विभागाला फोन करून सांगा (मेल नको, ती चोर वाचतोय) की बँक खातं बदलल्याची कुठलीही मेल आली तरी ओळखीच्या नंबरवर विचारल्याशिवाय पैसे सोडू नका. तिसऱ्याने वेळेसकट नोंदी ठेवायच्या. वेबसाइट थांबू शकते.

धागाकर्ता:
फोनचं सुचलंच नव्हतं, आत्ताच करतो. आमचा बॅकअप सर्व्हर त्याच नेटवर्कवर आहे. तोही तोडायचा का?

प्रतिसाद:
हो, फाइल सर्व्हरच्या बरोबरीनेच. आणि तो स्वच्छ आहे याची खात्री होईपर्यंत परत जोडू नका.