नवी अलाइनरची जोडी घातली की आठवडाभर ठणका. तुम्ही कसं निभावलं?

फळाखडू

वय ४३, सांगली. आठवी-नववीला मराठी शिकवते. खालचे पटाशीचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेत आणि वरचा डावा सुळा बाहेर डोकावतो. खरं तर लेकीला दाखवायला गेले होते, खुर्चीत मीच बसले. अलाइनर म्हणजे दात सरळ करायला त्यांच्यावर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, वरचा-खालचा मिळून एक जोडी. एकूण २४ जोड्या, दर दहा दिवसांनी नवी. सध्या पाचवी चालू आहे.

'दुखत नाही, थोडा दाब जाणवेल' असं सांगितलं होतं. दाब कसला, पहिल्या दिवशी दात असे आंबतात की मऊ भाताचं शीतही दाढेखाली कळतं. दोन-तीन दिवसांत कमी होईल म्हणाले, पण या पाचव्या जोडीचा आज सातवा दिवस आहे. संध्याकाळी घरी येऊन ट्रे परत बसवला की कानापर्यंत ठणका जातो. उजवीकडे खालच्या ट्रेची कड जिभेला लागते, तिथे सालटं निघालंय. काढताना दोन नखं मोडली ती वेगळीच.

शाळेत त्याहून मजा. मराठीत च, ज, झ दोन तऱ्हांनी उच्चारतात हे तुम्हाला माहीत असेलच: 'चंद्र'मधला च वेगळा, 'चमचा'मधला वेगळा. दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात. तो नववीला शिकवायचा दिवस आणि नवी जोडी घालायचा दिवस एकच आला. 'जहाज' म्हणाले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. घरी भाकरी दुधात कुस्करून खाते, तर सासूबाई विचारतात, "कवळी धुतलीस का गं?"

जोडी कधी बदलता? कडेचं काय करता? आणि गोळी घेतलेली चालते का?

चौतीस_जोड्या

ताई, मी पुण्यात ३४ जोड्या संपवून बसलोय, म्हणून अधिकाराने सांगतो. सकाळी बदलत असाल तर ते आधी थांबवा. रात्री जेवण, ब्रश सगळं उरकून झोपायच्या तोंडावर नवी घालायची. सगळ्यात वाईट सात-आठ तास झोपेत जातात.

दुसरं, च्युई. रबरी नळकांडं असतं बोटाच्या पेराएवढं, डॉक्टरकडे मिळतं. ट्रे घातल्यावर ते पाच-दहा मिनिटं प्रत्येक दाताखाली धरून चावायचं. ट्रे नीट बसला नाही तर तो जागोजागी उचकटलेला राहतो आणि जास्त टोचतो. पहिल्या दिवशी चावताना शिव्या येतात तोंडात, येऊ द्या.

कडेसाठी नखं घासायची स्वच्छ फाइल घ्या. टोचतो तेवढाच भाग दोन-तीनदा हलकेच घासून ट्रे गार पाण्याने धुवायचा. कात्री लावू नका, मी लावली होती आणि तिथून ट्रेला चीर गेली. जीभ बरी होईपर्यंत मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. ट्रे मात्र गरम पाण्यात कधीही नाही, आकार बिघडतो.

काढताना समोरून ओढू नका. मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिभेकडून, बोटाचं पेर अडकवून एक बाजू सैल करायची, मग दुसरी, पुढचे दात शेवटी. ट्रे धरून ठेवायला दातांवर छोटी बटणं चिकटवली असतील तर समोरून ओढल्यावर जीवच जातो.

दंतकथा

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करण्यातली तज्ज्ञ डॉक्टर आहे, पण तुमचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

दात हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा बसलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. ट्रेने दात ढकलला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताणाच्या बाजूला नवं तयार होतं. सुरुवातीला त्या गादीला जो दाह होतो तो तुमचा ठणका. एक जोडी दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवते. म्हणून बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत निवतं.

सातव्या दिवशीही, आणि तेही *संध्याकाळी परत बसवल्यावर* दुखतं, हे वाक्य मला खटकलं. ट्रे दिवसातून किती तास तोंडात असतो? २० ते २२ तास हवा. बाहेर राहिला की दात मागे फिरायला लागतो आणि मग तोच ट्रे त्याला रोज नव्याने ढकलतो. अंदाजाने सांगू नका, एक दिवस घड्याळ लावून लिहा.

गोळीबद्दल: पॅरासिटामॉल चालतं, पण इतर औषधं किंवा यकृताचा त्रास असेल तर विचारून. आयब्युप्रोफेन आमच्यातले बरेचजण टाळायला सांगतात, कारण ते ज्या प्रॉस्टाग्लँडिनला, म्हणजे दाह घडवणाऱ्या शरीरातल्या रसायनाला, दाबतं, ते दात सरकायलाही लागतं.

एकच दात सतत ठणकत असेल, गार-गरमाची कळ थांबतच नसेल, हिरडी सुजली असेल किंवा दाताच्या टोकाशी ट्रेत फट दिसत असेल, तर वाट न पाहता फोन करा.

आल्याचा_चहा

मी ट्रे घालूनच चहा पिते. काही होत नाही.

चौतीस_जोड्या

होतं हो. ट्रे पिवळा पडतो, गरमाने वाकतो, आणि साखर दातांना चिकटून आत कोंडून राहते. मला १९व्या जोडीच्या वेळी कीड लागली, तिचं बिल अलाइनरच्या पैशांत धरलेलं नव्हतं.

फळाखडू

काल फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून काढलं. पहाटेचा चहा आणि डबे, पाऊण तास. नाश्ता, पाऊण तास. मधल्या सुट्टीत दोन वाजता डबा खाते, आणि शाळेत ब्रश करायची लाज वाटते म्हणून ट्रे थेट सव्वापाचला घरी आल्यावर. संध्याकाळचा चहा गप्पांसकट एक तास. रात्रीचं जेवण आणि मालिका, दीड तास. सव्वासात तास बाहेर! म्हणजे तोंडात पावणेसतरा. मी डॉक्टरांना बिनधास्त 'वीस तरी होतात' सांगत आले.

मग शाळेत काय करू? स्टाफरूमच्या नळावर सगळ्यांसमोर ब्रश घेऊन उभं राहायचं?

दंतकथा

रोज ब्रश झालाच पाहिजे असं नाही. दोनदा जोरात चूळ भरा, ट्रे पाण्याखाली धरा आणि घाला. नीट ब्रश घरी गेल्यावर. पावणेसतरा तासांवर सहावी जोडी चढवू नका, डॉक्टरांना खरा आकडा सांगा. बहुधा हीच थोडे दिवस वाढवतील.

फळाखडू

फोन केला. रागावतील असं वाटलं होतं, पण नुसतं "बरं झालं सांगितलंत" म्हणाले. पाचवी जोडी आणखी आठ दिवस घालायची, मग फट पाहायला बोलावलंय. कड घासली, जीभ आता बरी आहे. पहाटेचा आणि संध्याकाळचा चहा ठेवलाय, पण दहा मिनिटांत संपवायचा. शाळेतले दोन घोट मी यादीत धरलेच नव्हते, ते बंद. सासूबाईंना 'कवळी'चं काही सांगितलेलं नाही.

शाळेत डबा झाल्यावर चूळ भरून घालतेय. चार दिवस झाले, संध्याकाळचा ठणका जवळजवळ गेला. 'ज' अजून शिट्टी मारतो. आज फळ्यावर 'जहाज', 'चमचा', 'झाड' लिहिलं आणि वाचायला त्या मागच्या बाकावरच्यालाच उभं केलं.