नागीण बरी झाली, डाग फिकटले, तरी कापड टेकलं की आग होते. असं का?

शेवंती:
पाच महिन्यांपूर्वी मला डाव्या बरगडीखाली नागीण झाली. फोड तीन आठवड्यांत सुकले, खपल्या पडल्या. दुखणं मात्र जात नाही, आणि ते विचित्र आहे. त्या जागेवर तळहात घट्ट दाबून धरला तर बरं वाटतं, पण पदर नुसता घासून गेला तरी उकळतं तेल सांडल्यासारखी आग होते. मध्येच, काही कारण नसताना, सुरी फिरवल्यासारखी चमक मारते. रात्री पांघरुणाखाली उशी उभी ठेवून झोपते, म्हणजे कापड तिथे टेकत नाही.

पॅरासिटामॉल घेऊन झालं, आयबुप्रोफेन घेऊन झालं. काडीचा फरक नाही. घरचे म्हणतात, "जखमच नाही तर दुखतंय काय? मनाला लावून घेऊ नकोस." वाईट हेतूने नाही म्हणत, पण ऐकलं की रडू येतं. जखम नसताना खरंच दुखू शकतं का?

पाणपोई:
शेवंतीताई, दुखू शकतं. मी भूलतज्ज्ञ आहे आणि जुनाट दुखण्यांचे रुग्ण रोज बघतो. तुम्ही लिहिलंय तसंच, जवळपास त्याच शब्दांत, मी कितीतरी जणांकडून ऐकलंय.

आधी साधं दुखणं कसं कळतं ते सांगतो. पायाची करंगळी पलंगाच्या पायाला आपटली की लगेच एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर काहीच नाही, आणि आपल्याला ठाऊक असतं की आता खरं दुखणार. तो ठणका मागून येतो. कारण निरोप दोन प्रकारच्या तंतूंतून जातो. कळ आणणारे तंतू बारीक पण वेष्टण असलेले, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाचे. ठणक्याचे तंतू उघडे, सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. करंगळीपासून पाठीच्या कण्यापर्यंत अंतरही साधारण तेवढंच असतं!

आणि आपटलेली जागा आपण चोळतो ना? स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाला अडवतात, हा विचार रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडला. त्यातले बारकावे पुढे बदलले, पण मज्जारज्जूतच दुखणं कमीजास्त होतं हा गाभा टिकला.

आता गोळीचं. जखम झाली, सूज आली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि तंतूंची टोकं हळवी करतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन ही द्रव्यं बनूच देत नाहीत (हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं). पण तुमची सूज कधीच ओसरली. बिघाड तारेतच आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून असतो. जागा झाला की एकाच नसेतून खाली उतरतो, म्हणून नागीण एका बाजूला पट्ट्यासारखी उठते. जाताना तो ती नस जखमी करून जातो. ती नस मग आपणहून निरोप पाठवते, ती तुमची चमक. मज्जारज्जूही इतका हळवा होतो की साध्या स्पर्शाचा निरोप दुखणं म्हणून वर जातो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, हुळहुळणं. डॉक्टरांकडे गेलात की नुसतं "दुखतं" म्हणू नका. आग, चमक, हुळहुळ, हे शब्द जसेच्या तसे सांगा. मला तरी त्यांवरूनच अर्धं निदान कळतं.

यावर नस शांत करणारी औषधं असतात: गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, किंवा रात्री थोड्या मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन. शेवटचं नैराश्यावरचं औषध म्हणून ओळखलं जातं. चिठ्ठीवर दिसलं तर डॉक्टरांनी तुम्हाला मनाचा आजार ठरवला असं समजू नका. इथे ते कमी मात्रेत, नसांसाठीच देतात. कातडी धड असेल तर लिडोकेनची पट्टीही लावता येते. यातली गोळ्यांची औषधं हळूहळू वाढवतात, गुण यायला आठवडे लागतात, सुरुवातीला गुंगी येते. रात्री उठताना जपा. मनाने अचानक बंद करू नका. मूत्रपिंड, हृदय किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर आधी सांगा.

गवतफूल:
मला आठ महिने होतं हे, कमरेवर. औषधाबरोबर मला उपयोगी पडलेली एक गोष्ट: सैल कपडे सोडून दिले. सगळे सैल घाला म्हणायचे, पण सैल कापड हलतं आणि तेच छळतं. मऊ सुती बनियन, अंगाला घट्ट बसणारी, शिवण बाहेरच्या बाजूला. अगदी वाईट दिवशी स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म त्या जागेवर हलकेच गुंडाळायची, वरून कपडा. घासणं थांबतं. आणि ताई, रडू आलं तर रडा. पाच महिने झोप नसलेल्या माणसाला कोण काय सांगणार?

शेवंती:
दोघांचेही आभार. बनियन उलटी घालून बघितली. काल चार तास सलग झोपले. गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.

हे सगळं मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आज सकाळी चहाचा कप ठेवताना विचारलं, "आज आग आहे की चमक?"

एकच विचारायचं राहिलं. ह्यांचं वय 62. त्यांनाही लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. त्यांनी काय काळजी घ्यावी?

पाणपोई:
पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते. नव्या प्रकारच्या लसीचे दोन डोस असतात, साधारण 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने. त्यांच्या डॉक्टरांशी बोला. आणि कधी एका बाजूला आग होऊन पुरळ उठलंच, तर लेप लावत बसू नका. विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी. डोळ्याजवळ उठलं तर त्याच दिवशी दाखवा.