लिनक्स लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडताय? एक्स-इलेव्हन सोडा

जुळे_सोलापूर: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यासाठी जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे विणतानाच उमटणाऱ्या नक्षीचं, काम मी उबुंटू या लिनक्सवर करतो. लॅपटॉपचा स्क्रीन १४ इंची फोर-के, शेजारी २४ इंची फुल एचडी मॉनिटर. मॉनिटरवर अख्खा टॉवेल, लॅपटॉपवर ग्राफ. ग्राफचा एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांवरून जातो ती एक जागा. तो चुकला की विणकामात दोष दिसतो.

लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवायच्या दोन व्यवस्था आहेत: जुनी एक्स-इलेव्हन आणि नवी वेलँड. एक्स-इलेव्हन सगळे स्क्रीन जोडून एकच मोठा पट्टा धरतं आणि स्केलिंगचा, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची त्याचा, आकडा सगळ्यांना एकच. २०० टक्के ठेवले तर मॉनिटरवर नुसते मेनूच दिसतात, १०० ठेवले तर लॅपटॉपवर मुंगीएवढी अक्षरं. वेलँडमध्ये लॅपटॉपला २००, मॉनिटरला १००, विषय संपला. नवीन माणसानं एक्स-इलेव्हनच्या नादी लागूच नये.

सात_रस्ता: साफ अमान्य. एक्सरँडर या एक्स-इलेव्हनच्या स्क्रीन लावायच्या कमांडनं मॉनिटरला दोन बाय दोन स्केल द्या, तुमचा प्रश्न तिथंही सुटतो. एकदा स्क्रिप्ट लिहिली की केबल लावली की काम सुरू. उलट ग्नोमच्या (उबुंटूच्या डेस्कटॉपच्या) वेलँडवर दीडशे टक्के लावून गिम्प २.१० हा चित्रांचा प्रोग्राम उघडून बघा. ते एक्सवेलँडमधून, म्हणजे एक्स-इलेव्हनचे प्रोग्राम वेलँडवर चालवणाऱ्या जोडणीतून चालतं, चित्र ताणून मोठं केलं जातं आणि ग्राफच्या बारीक रेघा फुगतात. चौकोन मोजणाऱ्यालाच हा सल्ला देताय!

जुळे_सोलापूर: दोन बाय दोन केलं की फुल एचडी मॉनिटरसाठी आधी फोर-के एवढं चित्र तयार होतं, मग ते दाबून बसवलं जातं. अक्षरं मऊ पडतात, ग्राफिक्सवर भार पडतो तो वेगळाच. फुगलेल्या रेघांचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण गिम्प ३.० मार्च २०२५ मध्येच आलं आणि ते थेट वेलँडवर चालतं. शिवाय अधलंमधलं स्केल मी लावतच नाही.

होटगी_रोड: दोघंही सॉफ्टवेअरवर भांडताय, पण आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांचा मॉनिटर बहुतेकदा काळाच असतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो. तिचा ड्रायव्हर नीट बसला नसेल तर वेलँड काय नि एक्स-इलेव्हन काय. आणि डॉक (एका केबलवर जादा पोर्ट देणारा डबा) घेताना विचारून घ्या बरं का. डिस्प्लेलिंकच्या चिपचा असेल तर वेगळा ड्रायव्हर लागतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की तो कधी कधी रुसतो. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरचा, सिग्नल निघत असेल तर साधी केबल घ्या, पैसेही वाचतात.

सात_रस्ता: ड्रायव्हरचं पटलं. बाकी दोन्ही स्क्रीन सारखेच फुल एचडी असतील तर एक्स-इलेव्हन सोडायचं कारण मला अजून दिसत नाही. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे आणि लॉगिनच्या पानावरच्या चाकात झॉर्गचा, म्हणजे एक्स-इलेव्हनचा, पर्याय अजून आहे.

जुळे_सोलापूर: आहे, पण उबुंटू २५.१० मधून ग्नोमचं ते एक्स-इलेव्हन सेशन काढून टाकलंय. आज बसवलेली स्क्रिप्ट पुढच्या अपग्रेडला टाकून द्यावी लागणार असेल, तर नवशिक्यानं ती शिकायचीच कशाला?