न वाचलेल्या पुस्तकांच्या मालकाला पुस्तकप्रेमी म्हणावे का?

पुस्तके जमवणे आणि पुस्तकांवर प्रेम करणे या दोन गोष्टी आपण सर्रास एकच समजतो, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र सांगते की ग्रंथ उपयोगासाठी असतात. काचेआड वर्षानुवर्षे उभे असलेले पुस्तक ना मालकाच्या उपयोगी पडते, ना ज्याला त्याची खरोखर गरज आहे त्याच्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सर थॉमस फिलिप्स यांना जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत हवी होती. सुमारे ६०,००० हस्तलिखिते जमवताना ते कर्जबाजारी झाले आणि घरच्यांना त्याची झळ आयुष्यभर सोसावी लागली. हा हव्यास आहे, आणि वाचणाऱ्यांनी तरी त्याचे कौतुक करू नये.

प्रतिसाद १

फिलिप्स यांचा हव्यास मला मान्य आहे, पण त्यामागचे कारण आपण वगळले. सोन्याचा वर्ख ठोकणारे कारागीर जुनी चर्मपत्रे विकत घेऊन वापरून टाकत, आणि हस्तलिखितांच्या अशा नाशाच्या हकीकती वाचूनच आपण ती जमवू लागलो, असे फिलिप्स यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती पाने त्या दिवशी कोणी वाचणार होते का, हा प्रश्न तेव्हा गैरलागू होता. ती उद्यापर्यंत टिकणार होती की नाही, एवढाच प्रश्न होता.

जुनी पुस्तके टिकवण्याचे काम ग्रंथालये करतातच, असे कोणी म्हणेल. १६०२ साली खुले झालेले ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय पाहा. त्याचे संस्थापक थॉमस बॉडली यांना छापील नाटके ग्रंथालयात ठेवण्याच्या लायकीची वाटत नव्हती. पुढे शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या संग्रहाची प्रत तेथे आली, पण नवी आवृत्ती मिळाल्यावर जुनी अनावश्यक ठरवून काढून टाकण्यात आली. तीच प्रत १९०६ साली ३,००० पौंड मोजून परत घ्यावी लागली, आणि तोवर ती सांभाळली होती एका खासगी घराण्याने. त्या घरात ती किती जणांनी वाचली, यावरून त्यांच्या सांभाळण्याचे मोल ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २

मी मूळ लेखकाच्या बाजूचा आहे. दुर्मीळ हस्तलिखित वाचवणारे मोजकेच असतात. बहुतेक संग्राहक पहिली आवृत्ती आणि डाग नसलेले वेष्टन यांच्या मागे असतात, आणि पुस्तक उघडले तर त्याची किंमत उतरेल या भीतीने ते उघडतही नाहीत. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, तिच्याशी वाचकाचे नाते कसे जुळणार?

प्रतिसाद ३

मुद्दा मालकीचाही आहे. २००९ साली एका मोठ्या विक्रेत्या कंपनीने, हक्कांच्या वादामुळे, ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली ई-पुस्तके त्यांच्या उपकरणांवरून परस्पर पुसून टाकली होती. छापील पुस्तक एकदा घरात आले की ते असे कोणी नेऊ शकत नाही. मी विकत घेतलेली निम्मी पुस्तके अजून वाचलेली नाहीत. तरीही आजारपणात, रात्री झोप न लागता, त्यांतले एखादे हाताशी सापडले, ते केवळ कधीतरी घेऊन ठेवले होते म्हणून.

मूळ लेखकाचे उत्तर

बॉडलियनच्या उदाहरणाने मला माघार घ्यावी लागते. ‘उपयोग’ हा शब्द मी आजच्या वाचकापुरताच घेतला होता, आणि ती माझी चूक होती. तरीही संग्राहकाकडून माझी एक अपेक्षा उरतेच. सतराव्या शतकातील इंग्रज दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस यांनी ३,००० ग्रंथांवर संग्रह थांबवला, त्याची सूची तयार केली, आणि आपल्या पश्चात त्यात एकाही पुस्तकाची भर किंवा घट होऊ नये अशी व्यवस्था लावून तो केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे जाईल असे पाहिले. रस्त्यावर विकली जाणारी, एका पानावर छापलेली स्वस्त गाणीही त्यांनी त्यात जपली होती, आणि अभ्यासक आज ती वाचू शकतात. फिलिप्स यांचा संग्रह मात्र त्यांच्या मृत्यूनंतर विखुरला. त्याची विक्री शंभराहून अधिक वर्षे चालली. प्रतिसाद १ च्या लेखकांना माझा एवढाच प्रश्न आहे: आपल्या संग्रहाची यादी आपण केली आहे का, आणि आपल्या पश्चात तो कोणाकडे जावा हे घरच्यांना सांगितले आहे का?