पाटीवर मांडता येत नाही म्हणजे परीकथा?

मुळामुठेकाठचा

परवा याच मंचावर ‘गुरुत्व’ यांनी लिहिलं होतं: “ज्या कथेतलं विज्ञान पाटीवर मांडून दाखवता येत नाही ती परीकथा. या निकषावर मराठीत खऱ्या विज्ञानकथा दहासुद्धा भरणार नाहीत.” त्याखाली लोकांनी टाळ्या पिटल्या. मी दोन दिवस गप्प होतो. काल रात्री भांडी विसळताना ते वाक्य परत आठवलं, हातातलं पातेलं जरा जोरात आपटलं गेलं, आणि आतून आवाज आला, “एकदाचं लिहून टाक, भांडी वाचतील.”

तर घ्या. ज्यूल व्हर्नने १८६५ सालच्या कादंबरीत तीन माणसं तोफेत घालून चंद्राकडे पाठवली. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे साधारण २७४ मीटर. पृथ्वी सोडायला वेग हवा सेकंदाला ११.२ किलोमीटर. एवढ्याशा नळीत तो वेग गाठायचा तर प्रवाशांवर गुरुत्वाच्या सुमारे २३ हजार पट जोर पडेल. नळीच्या तोंडाशी येईपर्यंत तिघांची चटणी. पाटीवर मांडलं, बसत नाही. मग काय, व्हर्नला परीकथावाल्यांच्या कपाटात ठेवायचं?

माझं म्हणणं इतकंच: लेखकाला एक थाप मारायची मुभा असते. एकच. मग तिचा हिशेब शेवटच्या पानापर्यंत चुकता करायचा. आणि कसोटी अशी की ती कल्पना उपटून काढली तर गोष्ट कोसळली पाहिजे. यंत्रमानवाच्या जागी रामा गडी आणला आणि गोष्ट तशीच चालली, तर ती रामा गड्याचीच गोष्ट होती.

उदाहरण घरचंच. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कथेतले गंगाधरपंत दुसऱ्याच इतिहासाच्या जगात जाऊन पोचतात. विश्वासरावांना गोळी लागत नाही, पानिपत आपण जिंकतो. यान नाही, परग्रहवासी नाही. तरी अस्सल विज्ञानकथा. कारण ‘असं कसं झालं’ याचा जाब शेवटी भौतिकशास्त्राला द्यावा लागतो.

गुरुत्व

माझं पुढचं वाक्य सोयीस्करपणे गाळलंत. मी लिहिलं होतं, “विज्ञानाशी फारकत घ्यायची तर लेखकाला ती ठाऊक असावी.” व्हर्नला ठाऊक होती. धक्का झेलायला त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर दिलाय. अपुरा आहे, पण प्रश्न त्याला पडला होता. आपल्याकडे प्रश्नच पडत नाही. ‘डॉक्टरांनी कळ दाबली आणि ते भूतकाळात गेले.’ अहो, कसली कळ? दिव्याची?

आता पंतांकडे येऊ. तिथे अनिश्चिततेचं तत्त्व, म्हणजे कणाची जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके ठरत नाहीत हे, बंदुकीच्या गोळीपर्यंत आणलंय. इलेक्ट्रॉनला ते शोभतं. २० ग्रॅमची गोळी घ्या, तिची जागा मिलिमीटरपर्यंत पक्की धरा. वेगातली अनिश्चितता निघते दशांशचिन्हानंतर २९ शून्यं आणि मग २६, सेकंदाला मीटर या हिशेबात. एवढ्याने गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून जात नाही. लेखक कितीही मोठा असो. मी त्यांचा भक्त आहे, म्हणूनच लिहितोय.

सपे_४११०३०

गोळी गोळी काय लावलंय? विश्वासराव वाचले असते तरी पानिपत हरलोच असतो. रसद तुटली होती. फौज उपाशी, जनावरं उपाशी, वर यात्रेकरू आणि बुणग्यांचं लेंढार. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली ती उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. हा विज्ञानाचा प्रश्नच नाही, धान्याचा आहे. इतिहासकार शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक वाचा आधी, मग समांतर विश्वात जा.

तिळगूळ_नको

@सपे दुपारपर्यंत पारडं आपल्या बाजूला होतं हो. गारद्यांच्या तोफांनी रोहिले कापून काढले होते. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, हौदा रिकामा दिसला आणि फौज फुटली. म्हणजे गोळीच.

सपे_४११०३०

फौज हौद्यामुळे फुटली की त्याआधी कोणी मैदान सोडलं म्हणून, तेही सांगा की.

तिळगूळ_नको

मल्हाररावांना मध्ये आणायचं काम नाही. अडीचशे वर्षं तेच चाललंय. वाड्यात बसून लढाई हरायची आणि खापर होळकरांवर.

सपे_४११०३०

वाडा कोणाचा काढताय? मी दोन खोल्यांत राहतो, त्याही भाड्याच्या. आणि मी नाव घेतलं नव्हतं. तुम्हीच घेतलंत.

साभार_परत

पानिपत बाजूला ठेवून एक रडगाणं गाऊ का? कॉलनीतल्या पाण्याच्या टाक्या आपसांत बोलू लागतात आणि कोणाला किती पाणी सोडायचं ते ठरवतात, अशी कथा लिहिली होती. एका दिवाळी अंकाकडून परत आली. शेरा: “विज्ञान कमी करून नाती वाढवावीत.” वाढवली, सासू-सून घातली. दुसऱ्या अंकाचा शेरा: “नाती छान. विज्ञान कुठे आहे?” आता टाक्या काढून टाकल्यात. सासू-सून तेवढ्या उरल्या आहेत. धागाकर्त्याच्या कसोटीप्रमाणे माझी कथा मी स्वतःच मारली.

मीरा_कोथरूड

एकोणीस प्रतिसाद आलेत, त्यांतले बारा पानिपताचे. मंगळावर उद्या जीवजंतू सापडले तरी पुण्यात आधी विचारतील, ते होळकरांच्या बाजूचे का शिंद्यांच्या.

माझी तक्रार वेगळी आहे. शास्त्रज्ञ कायम पन्नाशीचा, विसराळू, आणि बायको चहाचा कप घेऊन प्रयोगशाळेच्या दारात. “अहो, जेवायला येताय ना?” विश्व उलटंपालटं होतं, पण त्या चहाला पर्याय नाही. पाटी, समीकरण, कसोटी यांत हे कुठे बसतं? हा सगळा प्रकार ज्या कादंबरीपासून सुरू झाला असं म्हणतात, ती ‘फ्रँकेनस्टाइन’ मेरी शेलीने १८ व्या वर्षी लिहायला घेतली. १८१८ मध्ये छापली ती निनावी. तिला कोणी विचारलं होतं का, प्रेताला वीज देऊन उठवायचं समीकरण दाखव म्हणून?

गुरुत्व

मेरीचा मुद्दा गैरलागू. बेडकाच्या पायाला विजेने झटका बसतो हे त्या काळी माहीत होतं. ज्ञात गोष्टीवरून तिने उडी मारली. माझ्या निकषात ती बसते. चहाचं मात्र मान्य. मी स्वतः लिहिलेल्या एकुलत्या एका कथेत चहाच आहे. हसू नका.

मीरा_कोथरूड

हसले. बिस्किटं होती का?

आता खरं सांगते. आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, शाळेतल्या मुलांसाठी शनिवारी व्याख्यानं असायची. मी सातवीत होते. नारळीकर सरांकडे मुलं स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मी कार्ड आणलं. लिहिलं, “वेळ मागे गेली तर मला ते कळेल का?” मग वाटलं, प्रश्न बावळट आहे, हे काही विज्ञान नाही. टाकलंच नाही. ते कार्ड कंपासपेटीत राहून राहून करकटकाच्या टोकाने भोकं पडली. सर मे २०२५ मध्ये गेले. म्हणून ‘हे खरं विज्ञान नाही’ असं कोणी ठणकावून सांगितलं की माझं डोकं फिरतं. बाकी चालू द्या.

नारायणगावचा_टमाटा

आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघा कधी. सगळ्या मिळून ३०, एकेक ४५ मीटर व्यासाची, नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसतं. आजी म्हणायची, ह्या उलट्या छत्र्या कशाला, पाऊस साठवायला? ती आजी एका बाजूला आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली लहर दुसऱ्या बाजूला, मध्ये जाळी. याच्यावर कोणी लिहीत नाही. सगळ्यांचे नायक ह्यूस्टनला.

मुळामुठेकाठचा

मीराताई, तुमच्या कार्डावर काय बोलणार. प्रश्न बावळट नव्हता एवढंच.

@गुरुत्व, तुमची २९ शून्यं मी कागदावर मोजली. बरोबर आहेत, दुर्दैवाने. पण पंतांच्या गोष्टीत एकट्या अनिश्चिततेवर भार नाहीये. तिळाएवढ्या फरकाने मोठी व्यवस्था एकदम दुसरीकडे कलंडते, तो सिद्धान्तही जोडीला आहे. गोळी झाडणाऱ्याचं बोट, दारूतली ओल, घोड्याने झटकलेली मान, कुठेतरी तीळ हललाच असेल. तीळ इलेक्ट्रॉनने हलवला की आणखी कशाने, तीच ती एक थाप.

शिवाय १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना याच नारळीकरांनी नाव बदलून ‘नारायण विनायक जगताप’ लिहिलं होतं. नावाकडे न बघता गोष्ट वाचा, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही ‘कितीही मोठा असो’ म्हणालात ते पटलं. अर्धं.

गुरुत्व

तोफेचा हिशेब मीही करून पाहिला. २३ हजारच येतात. हे लिहिताना दात किती खाल्ले ते विचारू नका. ‘एक थाप’ तात्पुरती मान्य, पण थाप आणि गचाळपणा यांतला फरक कोण ठरवणार? तुम्ही? ‘दहासुद्धा नाहीत’ मागे घेतो. बारा करतो.

साभार_परत

तेरावी माझी धरा. टाक्या परत घालतो.

सपे_४११०३०

रिकाम्या हौद्याआधी मैदान कोणी सोडलं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.