मदत हवी आहे: तेल-पाणी वेगळं करणारी जाळी ग्लासात चालते, टाकीवर बसवली की फेल

अंबडचा_लेथवाला
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. जॉब धुण्याच्या टाकीतून रोज साधारण २०० लिटर पाणी निघतं. त्यात कटिंग ऑइल, थोडं हायड्रॉलिक ऑइल आणि धुण्याचं अल्कलाइन केमिकल, पीएच १० च्या आसपास.

३०० मेशच्या (इंचाला ३०० भोकं) तांब्याच्या जाळीवर कॉस्टिक सोडा आणि अमोनियम परसल्फेटने निळा थर चढवला, मग स्टिअरिक ॲसिडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवून वाळवली. साध्या पाण्याचा थेंब गोळीसारखा घरंगळतो, डिझेल लगेच आरपार जातं. पण आऊटलेटवर आडवी बसवली की पाणी जाळीवर साचतं आणि तेल त्याच्यावर तरंगत बसतं. दहा-पंधरा मिनिटांनी एकदम सगळंच खाली येतं, पाण्यासकट. जाळी वाळवून पाहिली, आता थेंब घरंगळतही नाही. कोटिंग चुकलं की बसवणं? आणि व्हिडिओत अशा जाळीला ‘सेल्फ-क्लीनिंग’ म्हणतात, म्हणजे नक्की काय साफ होतं?

गोदाघाट
कोटिंग जमलंय, जाळीची जात चुकली. तुमची जाळी पाणी अडवते आणि तेल सोडते. पण मिसळीवरच्या तर्रीसारखं तुमचं तेल वर असतं, जाळीला आधी पाणी भेटतं. तेल जाळीपर्यंत पोचतच नाही, ती सोडणार कशी? व्हिडिओत जे रंगीत ‘तेल’ झरझर खाली पडतं ते बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन असतं, पाण्यापेक्षा जड. तिथे हीच जाळी हिरो.

हलक्या तेलासाठी उलटी जाळी लागते: पाणी सोडणारी, तेल अडवणारी. ती तुम्ही अर्धी केलेलीच आहे, फक्त स्टिअरिक ॲसिडची पायरी वगळा. नवी जाळी घ्या. ॲसिटोनने पुसा, पाण्याने खळखळून धुवा (परसल्फेट ऑक्सिडायझर आहे, त्यात ॲसिटोन जाता कामा नये). सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये मिनिटभर बुडवून पुन्हा धुवा. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक हळूहळू विरघळवा, द्रावण तापतं, पूर्ण निवू द्या. मग ११.५ ग्रॅम अमोनियम परसल्फेट टाका. जाळी १५ ते २० मिनिटं उभी टांगा, तळाला टेकवू नका, टेकलेली बाजू कोरी राहते. अमोनिया सुटतो, तेव्हा खिडकी उघडी, गॉगल, हातमोजे. आकाशी-निळा रंग एकसारखा आला की काढा. जास्त वेळ ठेवली तर थर जाड होऊन बोटाला पावडर लागते आणि तार झिजते. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी द्रावण गार असतं, रंग उशिरा येतो. घड्याळापेक्षा रंग बघा.

तो निळा थर म्हणजे कॉपर हायड्रॉक्साइडच्या सूक्ष्म सुया. त्यांच्यात पाणी अडकून राहतं आणि तेलाला त्या पाण्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. म्हणून जाळी आधी साध्या पाण्यात भिजवायची, मगच तेलकट पाणी सोडायचं. कोरड्या जाळीवर आधी तेल पडलं की खेळ संपला.

धुवणातलं निळं पाणी मोरीत सोडू नका, त्यात तांबं असतं. सांडपाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे.

सातपूर_ईटीपी
गोदाघाट यांचं रसायन बरोबर, पण या पाण्याला ते पुरणार नाही. अडचण साबणाची आहे.

जाळी तेल किती उंचीपर्यंत धरते याचा ढोबळ हिशेब: कमाल दाब म्हणजे तेल-पाण्यातला ताण (दोघांच्या सीमेवरचा पृष्ठताण) गुणिले ४, भागिले भोकाची रुंदी. ३०० मेशचं भोक धरा ५० मायक्रॉन. साध्या पाण्यात हा ताण मीटरला ३० मिलिन्यूटन धरला तर २४०० पास्कल, म्हणजे जास्तीत जास्त २८ सेंमी तेलाचा थर. डिटर्जंटमुळे ताण २ वर आला की १६० पास्कल, म्हणजे २ सेंमीसुद्धा नाही. प्रत्यक्षात याहूनही कमी. पहिली जाळी पंधरा मिनिटांत याच मार्गाने गेली: साबणाने पाण्याचा ताण उतरवला, पाणी सुयांमधल्या हवेच्या जागी घुसलं. वाळल्यावर साबण तिथेच चिकटून राहतो, म्हणून थेंब आता पसरतो.

खर्च करण्याआधी पाहणी करा. काचेच्या बरणीत लिटरभर पाणी घ्या, हलवा, अर्धा तास ठेवा. खालचं पाणी नितळ असेल तर जाळीचा विचार करू. दुधाळ राहिलं तर ते इमल्शन आहे, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले. त्यातले थेंब २० मायक्रॉनच्या खालचे, ५० मायक्रॉनच्या भोकातून निवांत जातात.

अंबडचा_लेथवाला
बरणी ठेवली. वर बोटभर तेल, खाली ताकासारखं पाणी. दोन तासांनीही तसंच. टायटॅनियम डायऑक्साइडचं कोटिंग उन्हात आपोआप साफ होतं म्हणतात, स्टीलच्या जाळीवर ते मारलं तर?

गोदाघाट
ताक असेल तर सातपूर_ईटीपी यांच्याच मार्गाने जा.

टायटॅनियम डायऑक्साइडचं: अनाटेज जातीला सुमारे ३८७ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो, उन्हात तो भाग जेमतेम ४-५ टक्के. पातळ, डोळ्याला न दिसणारा डाग काही तासांत जळतो. कटिंग ऑइलचा थर जळत नाही, उलट प्रकाशच अडवतो. तुमच्या ‘सेल्फ-क्लीनिंग’च्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. कमळाच्या पानाची साफसफाई धुळीसाठी असते, थेंब धूळ घेऊन घरंगळतो. तेल त्याच पृष्ठभागात मुरतं. पाणी सोडणाऱ्या जाळीवरून तेल सुटतं खरं, पण ती ओली असेपर्यंतच. शनिवारी संध्याकाळी बंद केलेली जाळी सोमवारी कोरडी सापडली, तर दुकानातलं कुठलंही कोटिंग तिला वाचवत नाही.

सातपूर_ईटीपी
मग क्रम असा. आधी आडवा पडदा घातलेली टाकी, ३० सेंमी खोल. १०० मायक्रॉनचा थेंब मिनिटाला साधारण ४७ मिमी वर चढतो, म्हणजे सात मिनिटांत पृष्ठभागावर. २० मायक्रॉनच्याला अडीच तासांच्या वर लागतात. रोजचे २०० लिटर रात्रभर स्थिर ठेवले तर बरंच काम फुकटात होतं. वरचं तेल बेल्ट स्किमरने (तेल चिकटवून उचलणारा फिरता पट्टा) काढा आणि वापरलेल्या तेलाच्या अधिकृत रिप्रोसेसरला द्या.

उरलेल्या ताकासाठी जार टेस्ट. पीएच ६.५ ते ७.५ ला आणा. तुरटीचं १० टक्के द्रावण करा, लिटरच्या तीन बरण्यांत २, ५ आणि १० मिली टाका, म्हणजे २००, ५०० आणि १००० मिलिग्रॅम. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं सावकाश ढवळा. तुरटीने पीएच घसरतो, तो पुन्हा तपासा. जिथे पहिल्यांदा कापसासारखे पुंजके सुटून मधलं पाणी स्वच्छ दिसेल तो डोस. तिन्हींत काहीच झालं नाही, तर धुण्याच्या केमिकलवाल्याला इमल्शन न करणारा माल मागा. तो मिळतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त उपाय तोच ठरतो.

जाळी शेवटी, नितळ पाण्यावर, आणि पुंजके आधी गाळून. नाहीतर भोकं तासाभरात बुजतील. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, ती नुसत्या डोळ्याने कळत नाही. लॅबचा रिपोर्ट लागेल.

अंबडचा_लेथवाला
५ मिलीच्या बरणीत पुंजके आले, १० मध्ये पाणी पुन्हा गढूळ. असं का?

सातपूर_ईटीपी
१० च्या बरणीचा पीएच बघा, ६ च्या खाली गेला असेल. चुन्याची निवळी थेंबथेंब टाकून ७ ला आणा, पुंजके परत येतात का पहा. तोवर डोस ५ मिलीच धरा.