छताखालचं मेण: पावडर मिसळू नका, डबे पातळ करा

धरमपेठी मेकॅनिकल:
नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबखाली २८-२९ अंशांना वितळणाऱ्या मेणाचे डबे लावून खोली थंड ठेवायची, असा विचार असणाऱ्यांसाठी लिहितोय. दिवसा वितळताना पॅराफिन मेण किलोमागे साधारण २०० किलोज्यूल उष्णता पोटात घेतं; रात्री ती सोडून पुन्हा गोठलं, तरच दुसऱ्या दिवशी कामाचं. पण ती त्यातून सहज सरकत नाही. मेणाची वाहकता (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) ०.२ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, ॲल्युमिनियमची २०० च्या वर. म्हणून मेणात धातूची नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, पावडर मिसळा, असं सांगतात. माझा ठाम विरोध आहे. पावडरने वितळलेलं मेण दाट होतं, त्यात आपसूक फिरणारा प्रवाह मंदावतो, आणि वारंवार वितळून-गोठून पावडर तळाशी बसते. त्यापेक्षा डबा पातळ करा. जाडी निम्मी, तर गोठायचा वेळ पाव.

इतवारीवाला:
भाऊ, पावडर म्हटलं की नॅनोच काहून? फुलवलेल्या ग्राफाइटच्या सच्छिद्र ठोकळ्यात मेण मुरवलं तर वाहकता कितीतरी पटीनं वाढते. मेण जागचं हलत नाही, त्यामुळे तळाशी बसायचा प्रश्नच नाही. गळतीही कमी. पातळ डबे म्हणजे पत्रा जास्त, जोड जास्त. एक जोड सुटला की मेण थेट गादीवर!

धरमपेठी मेकॅनिकल:
ठोकळ्यातही प्रवाह थांबतोच. शिवाय ग्राफाइटनं जेवढी जागा खाल्ली तेवढं मेण कमी.

इतवारीवाला:
गोठताना कुठला प्रवाह? थंड पत्र्यावर आधी घट्ट मेणाचा थर चढतो, मग तोच आतल्या उष्णतेला अडवतो. खरी रखडपट्टी तिथंच आहे.

त्रिमूर्तीनगरची ताई:
दोघंही मेणातच अडकलात. जाडी निम्मी तर वेळ पाव, हे पत्र्याचं तापमान कायम राहिलं तरच. इथं पत्र्याला हवा लागते. संथ हवा चौरस मीटरमागे, अंशामागे जेमतेम ५ ते १० वॉट नेते. एक सेंटिमीटर मेणाचा थर २० नेईल. म्हणजे पातळ डब्यात अडसर हवेचा. त्यात मे महिन्यात रात्रीही पारा कित्येकदा ३० च्या खाली येत नाही. मेण गोठणार कसं? ग्राफाइट घाला नाहीतर चांदी घाला. आधी रात्री कूलरची हवा डब्यांवरून फिरवा.

धरमपेठी मेकॅनिकल:
हवेचं पटलं, ताई. कूलरचं मेपुरतंच. जूनमध्ये दमट हवा आली की तो काय गार करणार? डबे पातळच हवेत, कूलर असो-नसो.

त्रिमूर्तीनगरची ताई:
जूनमध्ये पाऊस लागला की दुपारी ४५ अंशही नसतात. मेचं आधी सोडवा.